रबरी चाकांची मेट्रो : निवड एकदाची, किंमत पिढ्यांची

जून २०२४ मध्ये, ऑलिम्पिक सामन्यांच्या तोंडावर, पॅरिसच्या मेट्रोचे दोन मार्ग लांबवण्यात आले. अकरावा मार्ग पूर्वेकडे रोस्नीपर्यंत गेला, तर चौदावा उत्तरेस सँ-दनी आणि दक्षिणेस ऑर्ली विमानतळापर्यंत. या दोन्ही मार्गांवरील गाड्या रबरी टायरांवर धावतात. त्याच सुमारास या महानगराच्या उपनगरांतून नव्या मार्गांचे एक विशाल जाळे उभे राहत होते. चौदाव्या मार्गाचा विस्तार धरून त्याची लांबी सुमारे २०० किलोमीटर भरते. त्यातील १५, १६, १७ आणि १८ या अगदी नव्या मार्गांसाठी मात्र जुनी पोलादी चाकेच निवडण्यात आली. ज्या शहराने रबरी चाकांची मेट्रो शोधली, वाढवली आणि जगभर विकली, त्याच शहराने कोऱ्या कागदावर नवे मार्ग आखताना ती बाजूला ठेवली; आणि तरीही जुन्या रबरी मार्गांवर नव्या रबरी गाड्यांसाठी पैसा ओतणे त्याला चुकले नाही. वरवर विसंगत दिसणाऱ्या या वर्तनात सार्वजनिक खर्चाच्या अर्थशास्त्राचा एक मोठा धडा दडलेला आहे. ज्या ज्या शहरात कोणी नव्या पद्धतीच्या गाडीचे आकर्षक चित्र घेऊन येतो, त्या शहरातील करदात्याने आणि पासधारकाने तो समजून घेणे अगत्याचे आहे.

चाकांचे तंत्र

रबरी मेट्रो म्हणजे रुळांवर चढवलेली बस नव्हे. तिची रचना बसपेक्षा पुष्कळ गुंतागुंतीची असते. फ्रेंच पद्धतीत गाडीचे वजन रबरी टायर पेलतात आणि हे टायर पोलादाच्या वा काँक्रीटच्या सपाट पट्ट्यांवरून धावतात. गाडी वाटेवरून ढळू नये म्हणून बाजूला आडवी बसवलेली लहान रबरी चाके असतात. ती मार्गाच्या दोन्ही कडांच्या पट्ट्यांना टेकून फिरतात, आणि वीजपुरवठाही याच कडेच्या पट्ट्यांतून होतो. शिवाय टायरांच्या आतल्या बाजूस नेहमीची पोलादी चाके असतात आणि त्यांच्याखाली नेहमीचे रूळही असतात. एखादा टायर फुटला तर गाडी या चाकांवर तोलली जावी आणि सांध्यावर मार्ग बदलताना त्यांचा आधार मिळावा, असा त्यांचा हेतू. म्हणजे रबरी मेट्रो पोलादी चाकांची सुटी करीत नाही. त्यांच्यावर आणखी एक संपूर्ण व्यवस्था लादते. एका मार्गाऐवजी दोन मार्गांची देखभाल करावी लागते.

एवढा व्याप पत्करण्यात लाभ कोणता? पकड, हे त्याचे एका शब्दातील उत्तर. पोलादावर पोलाद सहज घरंगळते. रेल्वे स्वस्त पडते ती याच गुणामुळे. पण याच गुणामुळे रेल्वेचे चाक चढावर आणि एकाएकी थांबताना घसरू लागते. काँक्रीटवरील रबराची पकड याहून कितीतरी घट्ट असते. त्यामुळे गाडी झटक्यात वेग घेते, थोड्या अंतरात थांबते आणि पोलादी चाकाला न पेलणारा चढ चढते. स्थानके जेथे अर्ध्या किलोमीटरवर आहेत आणि दोन गाड्यांतील अंतर दीड-दोन मिनिटांवर आणायचे आहे, तेथे प्रत्येक थांब्यामागे वाचणारे काही क्षण मोलाचे ठरतात. शिवाय रबर धक्के गिळते. आवाज आणि हादरे कमी होतात.

मात्र निसर्गाचा हिशोब चोख असतो. जी पकड चढावर उपकारक ठरते, तीच सपाट वाटेवर पायातील बेडी होते. टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो आणि पुन्हा फुगतो. त्यात ऊर्जा खर्ची पडते आणि तिची उष्णता होते. पोलादी चाकाच्या तुलनेत रबरी चाकाचा हा विरोध अनेक पटींनी अधिक असतो. टायर झिजतात, ते बदलावे लागतात, आणि झिजलेल्या रबराची धूळ भुयारात साचते. म्हणजे वेगाची आणि शांततेची किंमत विजेच्या देयकात, टायरांच्या खर्चात आणि भुयारातील उकाड्यात रोज चुकवावी लागते.

पॅरिसने काय केले?

दुसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसची मेट्रो जुनाट झाली होती आणि तिच्यावरील गर्दी वाढत होती. भुयारे रुंद करणे अशक्यप्राय, स्थानके लांबवणे खर्चाचे. तेव्हा आहे त्याच मार्गावरून अधिक गाड्या अधिक वेगाने कशा सोडाव्यात हाच प्रश्न होता. टायर बनविणाऱ्या मिशेलिन कंपनीने १९३० च्या दशकातच रबरी चाकांच्या रेल्वेगाड्या चालवून पाहिल्या होत्या. तो अनुभव हाताशी होता. एका लहान जोडमार्गावर १९५२ ते १९५६ या काळात प्रवाशांसह प्रयोग झाला आणि १९५६ च्या नोव्हेंबरात अकराव्या मार्गावर पहिली रबरी गाडी नियमित धावू लागली. चढ आणि वळणे असलेला हा लहान मार्ग प्रयोगाला सोयीचा होता. पुढे सर्वांत गजबजलेल्या पहिल्या मार्गाचे रूपांतर १९६३-६४ मध्ये आणि चौथ्याचे १९६६-६७ मध्ये झाले. सहाव्या मार्गाचा बराचसा भाग रस्त्यावरच्या पुलांवरून, रहिवाशांच्या खिडक्यांजवळून जातो. तेथील गोंगाट कमी व्हावा म्हणून तोही १९७४ मध्ये रबरी झाला.

आणि मग रूपांतराची ही मालिका थांबली. याची कारणे भावनेत नव्हती, हिशोबात होती. चालू मार्गाचे रूपांतर करायचे म्हणजे रात्रीच्या चार-सहा तासांत थोडे थोडे काम करीत जायचे. प्रत्येक मार्गाला वर्षे लागत आणि त्या मार्गावरची प्रत्येक गाडी नवी घ्यावी लागे. याच सुमारास पोलादी चाकांच्या नव्या गाड्याही सुधारल्या. त्यांचा वेग, त्यांचे थांबणे आणि त्यांचा आवाज यांत इतका फरक पडला, की रबराचा वरचढपणा पूर्वीएवढा ठळक उरला नाही. जो लाभ दहा रुपयांना मिळतो त्यासाठी शंभर रुपये का मोजावे, असा तो साधा प्रश्न होता. चौदावा मार्ग १९९८ मध्ये चालकाविना धावणाऱ्या रबरी गाड्यांसह सुरू झाला हे खरे. पण तो अपवादच राहिला. पॅरिसच्या जुन्या जाळ्यातील बहुसंख्य मार्ग आजही पोलादी चाकांवरच आहेत.

येथे एक प्रश्न उभा राहतो. रबराचा हिशोब पुढे जुळत नव्हता, तर आधीचे रबरी मार्ग परत पोलादी का केले नाहीत? कारण ज्या कारणाने पोलादाचे रबर करणे परवडेना, त्याच कारणाने रबराचे पोलाद करणेही परवडत नाही. मार्ग, गाड्या, कारखाने, कामगारांचे कौशल्य ही सगळी एकमेकांना घट्ट बांधलेली असतात. आणि म्हणून पहिला व चौथा मार्ग पुढे स्वयंचलित करतानाही तेथे नव्या गाड्या आल्या त्या रबरीच. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, एकदा केलेल्या निवडीने पुढच्या सर्व निवडींचे क्षेत्र आखून दिले होते.

माँट्रियलचा अनुभव

या बंधनाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण कॅनडातील माँट्रियल शहरात सापडते. तेथील महापौर झ्यां द्रापो यांनी पॅरिसच्या तज्ज्ञांच्या साह्याने मेट्रो उभारली. १४ ऑक्टोबर १९६६ रोजी ती सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या पाहुण्यांची तिने ने-आण केली. पॅरिसमध्ये काही मार्ग रबरी होते. माँट्रियलने पहिल्या दिवसापासून संपूर्ण जाळेच रबरी केले. आज चार मार्ग आणि ६८ स्थानके असलेली ही मेट्रो एक उत्तम सार्वजनिक सेवा म्हणून ओळखली जाते, हे प्रथमच नमूद केले पाहिजे. तिच्या पहिल्या पिढीच्या गाड्या १९६६ ते २०१८ अशी तब्बल ५२ वर्षे धावल्या. तिच्या अभियंत्यांनी रबराच्या पकडीचा लाभ हुशारीने घेतला. स्थानके उंचवट्यावर आणि मधले भुयार खोलगट ठेवून, निघणाऱ्या गाडीला उतार आणि थांबणाऱ्या गाडीला चढ मिळेल अशी योजना त्यांनी केली. दर १०० मीटरला ६.५ मीटरपर्यंतचे चढ त्यामुळे शक्य झाले.

परंतु या निवडीचे दोन परिणाम पुढील पिढ्यांच्या वाट्याला आले. पहिला परिणाम हवामानाचा. माँट्रियलचा हिवाळा कडक. बर्फाने माखलेल्या पट्ट्यांवर रबर घसरते. म्हणून ही मेट्रो आरंभापासून अंतापर्यंत जमिनीखाली ठेवण्यात आली. तिचा एकही टप्पा उघड्यावर येत नाही. उघड्यावर यायचे नाही म्हणजे प्रत्येक विस्ताराला भुयार आले आणि भुयार म्हणजे वाहतुकीतील सर्वांत महाग बांधकाम. निळ्या मार्गाच्या पूर्वेकडील विस्तारात सुमारे सहा किलोमीटर अंतर आणि पाच स्थानके आहेत. २०२४ मध्ये त्याचा खर्च ७.६ अब्ज कॅनेडियन डॉलर जाहीर झाला. हा सगळा भार चाकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. दाट वस्तीत पोलादी मेट्रोलाही भुयार लागते आणि बांधकामाच्या महागाईची इतर कारणेही आहेत. पण पोलादी मेट्रोला वस्ती विरळ होताच जमिनीवर किंवा पुलावर येण्याची जी मोकळीक असते, ती येथे नाही. जपानमधील साप्पोरो शहराने १९७१ मध्ये रबरी मेट्रो बांधली, तेव्हा पुलावरून जाणाऱ्या टप्प्यावर बर्फापासून बचावासाठी पूर्ण छप्पर घालावे लागले, हेही याच संदर्भात लक्षात घ्यावे. माँट्रियलनेच उपनगरांसाठी जी नवी स्वयंचलित रेल्वे उभारली आणि जिचा पहिला टप्पा जुलै २०२३ मध्ये खुला झाला, ती पोलादी चाकांची आहे आणि मोठ्या अंतरापर्यंत उघड्यावरून धावते.

दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. गाड्या जुन्या झाल्या तेव्हा नव्या घ्यायच्या कोणाकडून? पोलादी चाकांच्या मेट्रोगाड्या बनविणारे कारखाने युरोप, चीन, जपान, कोरिया आणि भारतातही आहेत. माँट्रियलच्या मापाची, माँट्रियलच्या पट्ट्यांवर धावणारी रबरी गाडी बनविण्याचा अनुभव असणारे मात्र जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. क्युबेक सरकारने २००६ मध्ये हे काम वाटाघाटीने बॉम्बार्डियर या स्थानिक कंपनीला देण्याचे ठरविले. आल्स्टॉम ही फ्रेंच कंपनी न्यायालयात गेली आणि २००८ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. पुढे हे दोन प्रतिस्पर्धी चक्क एकत्र आले. स्पेन आणि चीनमधील कंपन्यांनी २०१० मध्ये स्वारस्य दाखविले. त्यातील चिनी कंपनीचा प्रस्ताव पोलादी चाकांच्या गाड्यांचा होता. अखेर ऑक्टोबर २०१० मध्ये क्युबेकच्या विधिमंडळाने खास कायदा करून ४६८ डब्यांचे, सुमारे १.२ अब्ज डॉलरचे काम या जोडगोळीला दिले. नव्या गाडीतून पहिला प्रवासी गेला तो फेब्रुवारी २०१६ मध्ये.

या प्रकरणात स्थानिक रोजगाराचे राजकारण होतेच. पण राजकारणाला वाव मिळाला तो बाजारपेठ अरुंद होती म्हणून. जेथे दहा विक्रेते निविदा भरतात तेथे कोणा एकावर मेहेरबानी करणे अवघड जाते; जेथे दोनच असतात आणि तेही हातमिळवणी करतात, तेथे ग्राहक कितीही मोठा असला तरी त्याचे हात बांधलेले असतात. निविदा, न्यायालय आणि कायदा यांत गेलेल्या त्या दहा वर्षांत जुन्या गाड्या दुरुस्त करकरून चालवाव्या लागल्या. त्या वर्षांची किंमत कोणत्याही प्रकल्प अहवालात लिहिलेली नव्हती. पण ती चुकती झाली.

अनुभवी ग्राहकांचा कल

एखाद्या वस्तूचा खरा कस तिच्या जुन्या ग्राहकाच्या दुसऱ्या खरेदीत लागतो. मेक्सिको सिटीने १९६९ मध्ये फ्रेंच तंत्राची रबरी मेट्रो सुरू केली. तिच्या बारा मार्गांपैकी दहा रबरी आहेत. तरीही १९९१ मध्ये उपनगराकडे जाणारा ‘अ’ मार्ग बांधताना उभारणीचा व देखभालीचा खर्च आवरावा म्हणून पोलादी चाके घेण्यात आली. चिलीच्या सांतियागो शहरात १९७५ पासून रबरी मेट्रो आहे आणि तिच्या पहिल्या, दुसऱ्या व पाचव्या मार्गांवर आजही रबरी गाड्या धावतात. परंतु २००५ मधील चौथा, २०१७ मधील सहावा आणि २०१९ मधील तिसरा हे मार्ग पोलादी आहेत. पॅरिस, माँट्रियल, मेक्सिको, सांतियागो या चारही शहरांना रबराचे गुणदोष पुस्तकातून नव्हे, दशकांच्या अनुभवातून ठाऊक होते. आणि जेथे जुन्या जाळ्याचे बंधन नव्हते तेथे चारही शहरांनी कधी ना कधी पोलाद निवडले.

यावरून पोलाद म्हणजे सर्व रोगांवरचा रामबाण उपाय, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. मेक्सिकोचा बारावा मार्ग हे त्याचे बोलके उदाहरण. ऑक्टोबर २०१२ मध्ये पोलादी चाकांचा म्हणून सुरू झालेल्या या मार्गावर गाडीची चाके आणि रूळ यांचा मेळच बसला नाही. रूळ लाटांसारखे झिजू लागले आणि मार्च २०१४ मध्ये वीसपैकी अकरा स्थानके बंद करावी लागली. (याच मार्गावर ३ मे २०२१ रोजी पूल कोसळून २६ जण मृत्युमुखी पडले, तो अपघात पुलाच्या बांधकामातील दोषांचा होता, त्याचा संबंध चाकांच्या प्रकाराशी जोडू नये.) रबराच्या संगतीत चाळीस वर्षे वाढलेल्या संस्थेला पोलादाचे व्याकरण नव्याने शिकावे लागते, हा त्यातील धडा. तंत्र बदलताना केवळ गाडी बदलून भागत नाही. माणसांचे ज्ञानही बदलावे लागते.

आणि रबर जेथे खरोखर हवे तेथे ते हवेच. स्वित्झर्लंडमधील लोझान शहर सरोवराच्या काठापासून डोंगरावर चढत गेले आहे. तेथे २००८ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोमार्गावर दर १०० मीटरला १२ मीटरपर्यंतचा चढ आहे. अशा ठिकाणी पोलादी चाकाला केवळ पकडीवर विसंबून चालत नाही. तेथे रबर ही चैन नव्हे, गरज आहे. पॅरिसच्या सहाव्या मार्गावर खिडकीशेजारी झोपणाऱ्यांना लाभलेली शांतताही खोटी नव्हती. प्रश्न रबर चांगले की पोलाद, हा नाहीच. शहरापुढील अडचणीचे दुसरे स्वस्त उत्तर उपलब्ध आहे काय, आणि नसेल तर या उत्तराची पुढील पन्नास वर्षांची किंमत कोणी मोजली आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

प्रमाणीकरणाचे महत्त्व

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ‘रबरी मेट्रो’ हे नाव एक असले तरी तिच्या जाती अनेक आहेत. पॅरिसची पद्धत वेगळी. फ्रान्समधल्याच लील शहरात १९८३ मध्ये आलेली लहान स्वयंचलित गाडी वेगळी. मधोमध एका मार्गदर्शक रुळावर भिस्त ठेवणारी साप्पोरोची पद्धत आणखी वेगळी. एकीची गाडी दुसरीच्या मार्गावर चालत नाही. आधीच लहान असलेली बाजारपेठ त्यामुळे आणखी लहान तुकड्यांत विभागली जाते. पोलादी मेट्रोतही डब्यांची रुंदी, विजेचा दाब, संकेतयंत्रणा यांत फरक असतात. नाही असे नाही. परंतु चाक, आस आणि रूळ यांचे मूळ शास्त्र जगभर सामाईक आहे आणि त्यावर दीडशेहून अधिक वर्षांचा अनुभव साचलेला आहे.

मापांच्या विविधतेची किंमत भारतीय वाचकाला परकी नाही. एकोणिसाव्या शतकात आधी ब्रॉडगेज आणि नंतर काटकसरीसाठी मीटरगेज व नॅरोगेज स्वीकारण्यात आले. प्रत्येक निर्णय त्या त्या वेळी शहाणपणाचाच वाटला असेल. एकेकाळी मिरजेच्या स्थानकात या तिन्ही मापांचे रूळ एकत्र येत. एका गाडीतील माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढविणाऱ्या हमालांच्या पाठीवर त्या काटकसरीचे व्याज पिढ्यान्‌पिढ्या चढत राहिले. शेवटी देशभर एकच माप करण्याची मोहीम १९९२ मध्ये हाती घ्यावी लागली. सुरुवातीला वाचवलेला पैसा पुढे अनेक पटींनी परत करावा लागतो, तो असा.

मुंबईच्या दारात

महाराष्ट्रात रबरी चाकांची मेट्रो नाही. मुंबई, नागपूर आणि पुणे या तिन्ही शहरांच्या मेट्रोगाड्या पोलादी चाकांच्या आहेत, आणि त्याचा एक लाभ सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मुंबईच्या पहिल्या मार्गाच्या आणि नागपूरच्या गाड्या चीनमधून आल्या. मुंबईच्या ‘२ अ’ आणि ‘७’ या मार्गांच्या बंगळुरूच्या सार्वजनिक उद्योगातून. भुयारी तिसऱ्या मार्गाच्या आंध्र प्रदेशातील कारखान्यातून. पुण्याच्या आणखी एका भारतीय कंपनीकडून. इतके विक्रेते दारात उभे असणे हीच ग्राहकाची खरी ताकद. ती पोलादी चाकाच्या सामान्यपणातून आलेली आहे.

याच्या उलट स्थिती मुंबईच्या मोनोरेलची. मोनोरेल म्हणजे मेट्रो नव्हे. ती काँक्रीटच्या एकाच तुळईवर बसून धावते. पण तीही रबरी टायरांवर धावते आणि तिचीही बाजारपेठ अशीच अरुंद आहे. म्हणून पॅरिस-माँट्रियलचा प्रश्न येथे छोट्या आकारात दिसतो. चेंबूर ते वडाळा हा टप्पा फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये म्हैसूर कॉलनी स्थानकाजवळ दोन डबे आगीत जळाले आणि सेवा जवळजवळ दहा महिने बंद राहिली. गाड्या पुरवून त्या चालविण्याचे काम मलेशियातील ज्या कंपनीकडे होते, तिचे कंत्राट डिसेंबर २०१८ मध्ये संपुष्टात आणून प्राधिकरणाने कारभार आपल्याकडे घेतला. संत गाडगे महाराज चौकापर्यंतचा पूर्ण मार्ग मार्च २०१९ मध्ये खुला झाला खरा. पण सुट्या भागांअभावी गाड्या उभ्याच राहू लागल्या. १९ ऑगस्ट २०२५ च्या मुसळधार पावसात गर्दीने भरलेली गाडी अधांतरी अडकली आणि प्रवाशांना अग्निशमन दलाने उतरवून घेतले. त्यानंतर २० सप्टेंबर २०२५ पासून नव्या गाड्या व नवी यंत्रणा बसविण्यासाठी सेवा थांबविण्यात आली.

या कहाणीत कारभाराचे दोष आहेत, मार्गाच्या निवडीचे आहेत, प्रवाशांच्या चुकलेल्या अंदाजाचेही आहेत. पण त्या सर्वांच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. एक पुरवठादार गेला तेव्हा त्याच्या जागी उभे राहणारे दुसरे कोणी तयार नव्हते. बस कंपनी बुडाली तर दुसऱ्या कंपनीची बस त्याच रस्त्यावर धावते. मोनोरेलचा रस्ता मात्र मोनोरेलखेरीज कोणाच्याच कामाचा नाही. वडाळ्याच्या कारकुनाने किंवा चेंबूरच्या विद्यार्थ्याने हे तंत्र निवडले नव्हते. गाडी न आल्याने चुकलेली हजेरी आणि बुडालेला तास मात्र त्याच्याच नावावर लागला.

हा इतिहास जुना होत नाही, कारण नव्या नावांची मोहिनी कायम असते. १ फेब्रुवारी २०२१ रोजी मांडलेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘मेट्रो लाइट’ व ‘मेट्रो निओ’ ही दोन तंत्रे मध्यम शहरांसाठी जाहीर झाली. मेट्रोचाच अनुभव, पण पुष्कळ कमी खर्चात, अशी त्यांची ओळख करून देण्यात आली. त्याच भाषणात २०९२ कोटी रुपये खर्चाच्या नाशिकच्या प्रकल्पाचा उल्लेख होता. नाशिकसाठी आखलेली ‘निओ’ म्हणजे वस्तुतः वरच्या तारेतून वीज घेणारी, रबरी टायरांवरची लांबलचक जोडबस. बस म्हणून ती वाईट नाही. तारेवरच्या बसगाड्या जगातील अनेक शहरांत चांगले काम करतात. पण तिला मेट्रो म्हटल्याने ती मेट्रो होत नाही आणि ‘कमी खर्च’ हे शब्द उच्चारताना तो खर्च पहिल्या दिवसाचा की चाळीस वर्षांचा, हे सांगण्याची जबाबदारी कोणी घेत नाही.

नागरिकांनी काय विचारावे?

अभियंत्याचे काम गाडी चालते की नाही हे पाहण्याचे. ती कोणाच्या खर्चाने चालते हे विचारण्याचे काम नागरिकांचे. नव्या तंत्राच्या बाबतीत काही प्रश्न विचारण्यास तांत्रिक पदवी लागत नाही. या शहराच्या जमिनीत, चढात किंवा वस्तीत असे काय आहे, की रूढ तंत्र येथे चालणार नाही? पहिल्या खेपेच्या गाड्या कोणीही विकेल. वीस वर्षांनी दुसऱ्या खेपेसाठी निविदा काढली, तर ती भरण्यास किती कारखाने पुढे येतील? आराखडे आणि सुटे भाग बनविण्याचा हक्क शहराकडे राहणार की विक्रेत्याकडे? आणि या हवामानात त्या चाकांची रोजची वीज व उष्णता किती? हा शेवटचा प्रश्न विशेषतः महत्त्वाचा आहे. माँट्रियलच्या थंड शहरातही मेट्रोच्या डब्यांत वातानुकूलन नाही; डब्यातील उष्णता बाहेर फेकली तर भुयारच तापेल, ही त्यामागची अडचण आहे. मुंबईच्या मे महिन्यातील प्रवाशाला असा डबा देण्याचे धाडस कोणी करणार नाही. म्हणजे टायरांनी भुयार तापवायचे आणि मग ते गार करण्यासाठी पुन्हा वीज जाळायची.

नावीन्याला विरोध करावा, असा या विवेचनाचा अर्थ नाही. पॅरिसने १९५२ मध्ये प्रयोग केला नसता तर लोझानला डोंगर चढणारी मेट्रो मिळाली नसती. पण पॅरिसने तो प्रयोग एका लहान जोडमार्गावर चार वर्षे केला, मग एका छोट्या मार्गावर केला, मग गजबजलेल्या मार्गांवर केला आणि हिशोब जुळेना तेव्हा थांबण्याचा शहाणपणाही दाखवला. श्रीमंत देशाने चाचपडत टाकलेली पावले गरीब देशाने धावत टाकू नयेत. चुकीच्या निवडीचे हप्ते फेडताना श्रीमंत शहराची एखादी चैन कमी होते. गरीब शहरातील शाळेचे छप्पर आणि दवाखान्याची खाट त्यात जाते.

मेट्रो ही एका कारकिर्दीत उद्घाटन होणारी आणि पाच कारकिर्दींत फेडावी लागणारी वस्तू आहे. फीत कापणाऱ्याच्या लेखी गाडीचा रंग महत्त्वाचा असेल. पाचशे रुपयांचा पास महिनाअखेरीस काढणाऱ्या माणसाच्या लेखी ती तिसाव्या वर्षीही वेळेवर येते की नाही, हे महत्त्वाचे आहे. चाक रबरी असावे की पोलादी, हे ठरविताना या दुसऱ्या माणसाचा विचार आधी झाला पाहिजे.